दांडा वाळेपर्यंत

काकांचा टेम्पो फाटकाशी येऊन थांबला आणि खारूताईचा घोळ दारात येऊन उभा राहिला. तो घोळ तिचा तिनेच घातलेला असल्यामुळे कुणाकडे तक्रार करायचीही सोय नव्हती.

गेल्या आठवड्यात ती काकांकडे गेली होती आणि म्हणाली होती, "आप्पा पातं द्यायला तयार झालेत. फक्त तुम्ही घ्यायला या." तिथून परत आल्यावर चहाचा कप हातात असतानाच तिने आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं होतं, "काका दांडा द्यायला तयार झालेत. स्वतः घेऊन येणार आहेत." दोन्ही वेळा तिचा आवाज इतका सरळ होता की तिचं तिलाच नवल वाटलं. पण दिवसभर खुर्चीतल्या माणसांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगणाऱ्या दंतवैद्य बाईला एवढं जमायचंच.

नानांच्या, म्हणजे आजोबांच्या, वखारीची वाटणी झाली तेव्हा या दोघा भावांचं कशावरूनही वाजलं नव्हतं. करवती, काटा, ओंडके ओढायची गाडी, एवढंच काय, गिऱ्हाइकांना बसायचा बाकसुद्धा हसतखेळत वाटून झाला. अडलं ते नानांच्या कुऱ्हाडीपाशी. तिच्याच जोरावर नानांनी वखार उभी केली होती. "ती माझी," आप्पा म्हणाले. "ती माझी," काका म्हणाले. नानांनी जरा वेळ ऐकून घेतलं, मग कुऱ्हाड उलटी धरून एका दणक्यात पातं दांड्यातून उडवलं. पातं थोरल्याच्या हातात दिलं, दांडा धाकट्याच्या. "आता भांडा हवं तेवढं," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोलणंच टाकलं. एकाच गावाच्या दोन टोकांना राहायचं, लग्नाकार्यात एकाच पंगतीला बसायचं आणि मध्ये बसलेल्या माणसाला सांगायचं, "त्यांना विचार, मीठ हवंय का."

त्यानंतर आप्पांना कुऱ्हाडींचं वेड लागलं. भंगारवाल्याकडे, मोडीत निघालेल्या अग्निशमन केंद्रात, बंद पडलेल्या लाकूड कारखान्यात, जिथे म्हणून जुनी कुऱ्हाड असेल तिथे आप्पा हजर. गंजलेलं पातं घरी आणायचं, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, पितळी ब्रशाने घासायचं, कानशीने धार काढायची. यंत्राच्या चाकावर कधीच नाही. "पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं," ते सांगायचे, "मग ती कुऱ्हाड राहत नाही, नुसता लोखंडाचा तुकडा उरतो." मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही भिंती भरल्या होत्या. दुधारी होत्या, रुंद पात्याच्या होत्या, लाल दांड्याच्या बंबवाल्यांच्या होत्या, सुताराच्या चिमुकल्या होत्या. फक्त दारासमोरचा पहिला खिळा रिकामा. तो नानांच्या कुऱ्हाडीचा.

आणि उद्या संग्रहालयाची गाडी येणार होती, सगळी शेड उचलून न्यायला. आप्पांनी स्वतःहून देऊ केलं होतं. शेडचा ओलावा आता त्यांच्याच सांध्यांत शिरायला लागला होता.

"पहिला खिळा रिकामा जाणार का रे?" असं ते आठवडाभर येताजाता पुटपुटत होते. कुणाला उद्देशून, ते इतरांना कळत नव्हतं; पण खारूताईला कळलं होतं. शिवाय तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. काका रोपवाटिकेच्या वरच्या खोलीत एकटे राहत होते, जिना उभा होता आणि गुडघा ऐकत नव्हता. हे दोघं बोलले नाहीत तर काका इथे राहायला यायचे नाहीत आणि त्या जिन्यावरून एक दिवस खाली येतील, पण पायांनी नाही, ही भीती तिला झोपू देत नव्हती.

फाटकातून आधी काठी आली आणि मग काका.

काठी म्हणजेच तो दांडा. गुडघा दुखायला लागल्यापासून काका त्याच्याच आधाराने चालत होते. मूठ हातात, दुसऱ्या टोकाला रबराची टोपी.

"खारे!" काका तिला बघून ओरडले. पुढचे दोन दात मोठे म्हणून लहानपणी हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. ते दात तिने पुढे स्वतःच सरळ करून घेतले, पण नाव काही सरळ झालं नाही. "कुठे आहे तुझा बाप? पळाला नाही ना?"

"शेडमध्ये आहेत. हळू या."

मागून काकांची मुलगी टेम्पोची किल्ली बोटात फिरवत उतरली. कुंड्या आणि रोपं पोचवत गावभर हिंडायची आणि वाटेत कुणी आडवं आलं तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. घरात तिला मिरची म्हणत. "पातं घेऊन लगेच निघायचंय हं आम्हाला," ती म्हणाली. "टेम्पोत गुलाब आहेत, उन्हाने माना टाकतील."

खारूताईने नुसतं 'हं' केलं.

शेडमध्ये दादा, म्हणजे खारूताईचा थोरला भाऊ, टेप घेऊन जमीन मोजत होता. कुऱ्हाडी गेल्या की इथे टेबलटेनिसचं टेबल लावायचं त्याच्या मनात होतं आणि टेबल काही दर वेळी मोजल्याने लहान होत नव्हतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर दोघांची आई, माई, बसली होती, मांडीवर पोथी. बारा वाजेपर्यंत तिचं मौन असे, रोजचा नेम. घरात काहीही होवो, बाराच्या आधी माईच्या तोंडून शब्द नाही. तिच्या भुवया मात्र तेवढ्या वेळात सगळ्या घराचा कारभार चालवत.

आप्पा पुढे झाले. त्यांची नजर काकांच्या चेहऱ्यावर नव्हतीच, काठीवर होती.

"ये," ते म्हणाले.

इतक्या वर्षांनी थेट बोललेला पहिला शब्द. दादाच्या हातातली टेप सुर्रकन आत गेली.

"आलो," काका म्हणाले.

मग दोघांनी एकाच वेळी हात पुढे केला. खारूताईच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की दोन्ही तळवे वर आहेत.

"दे," आप्पा म्हणाले.

"तू दे," काका म्हणाले.

"मी काय देऊ?"

"पातं! त्यासाठीच तर बोलावलंस."

"मी बोलावलं? तू दांडा देतोयस म्हणून मी सकाळपासून दाढी करून बसलोय!"

"दांडा देतो? आणि चालू कशावर, तुझ्या डोक्यावर?"

शेडमधली सगळी डोकी एकेक करून खारूताईकडे वळली. माईच्या भुवया सगळ्यांत शेवटी वळल्या आणि सगळ्यांत वर गेल्या.

"खारे," दादा म्हणाला, "तू कुणाला काय सांगितलंस?"

"ज्याला जे ऐकायचं होतं ते," खारूताई म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"बघितलंत काका?" दादाला एकदम काकांची बाजू घ्यावीशी वाटली. "लहानपणापासून अशीच आहे ही. स्वतः काडी टाकायची आणि लांब उभं राहून बघायचं."

"माझे बाबा एवढा जिना उतरून आले!" मिरची दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कालपर्यंत या दोघांचं एकमेकांच्या लग्नातल्या मानपानावरून वाकडं होतं. आज दोघं खांद्याला खांदा लावून खारूताईवर तुटून पडले. "डॉक्टर झालीस म्हणून म्हाताऱ्या माणसांना फसवायचं?"

"म्हातारा कोण?" आप्पा आणि काका एकदम म्हणाले. आणि पुन्हा आपापल्या दिशेला बघायला लागले.

"चल मिरचे," काकांनी काठी टेकली. "गुलाब वाळतायत."

"काका, थांबा," खारूताई आडवी आली. "आलाच आहात तर लावून तरी बघा. घेऊ नका, देऊ नका. नुसतं दांड्यात पातं बसवून बघा. नानांची कुऱ्हाड अख्खी कशी दिसते ते मी पाहिलेलंच नाही. मिरचीनेही नाही. दादालाही आठवत नसेल."

"मला आठवते," दादा म्हणाला. मग प्रामाणिकपणे, "थोडी."

आप्पा कुणाकडेही न बघता कपाटाकडे गेले. खालच्या खणातून त्यांनी कापडाची गुंडाळी काढली आणि ठोकळ्यावर उलगडली. काका मान उंचावून बघत होते. बघताबघता त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय?"

पातं लालभडक गंजलं होतं. भिंतींवर शेकडो कुऱ्हाडी आरशासारख्या, आणि ही अशी.

"जगाच्या कुऱ्हाडी घासत बसलास," काका म्हणाले, "आणि नानांचीच तेवढी गंजवलीस?"

"गंजवली नाही. नानांनी हातात दिली तशीच ठेवली." आप्पांचा आवाज खाली आला. "अर्ध्या वस्तूवर काम करायचं नसतं. दांडा आला की करणार होतो."

"आणि नाही आला तर?"

"येणार होता."

 काकांनी दुसरं स्टूल ओढलं, बसले, काठीचं रबर काढलं आणि दांडा मुकाट्याने ठोकळ्यावर आडवा ठेवला. दांडा मात्र बघत राहावा असा होता. मधाच्या रंगाचा, गुळगुळीत, रेषा न् रेषा उजळलेली.

"बघून घे," काका म्हणाले. "वस्तू अशी वापरायची असते."

खारूताई दांडा हातात घ्यायला वाकली आणि थबकली. तिच्या नाकात एक ओळखीचा वास शिरला होता. लवंगेचं तेल. तिच्या दवाखान्यातलं. आप्पा कुऱ्हाडींच्या दांड्यांसाठी जवसाच्या तेलात मेण पातळ करून घालायचे आणि कीड लागू नये म्हणून त्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकायचे. ती बाटली तीच दवाखान्यातून आणून देत असे. हे मिश्रण आप्पांचं स्वतःचं, दुसरीकडे कुठे मिळणं शक्य नव्हतं.

तिने मान वर केली. आप्पांचंही नाक फेंदारलं होतं.

"हे माझं तेल आहे," आप्पा म्हणाले.

 मिरची अचानक छताच्या पत्र्याचं निरीक्षण करायला लागली.

"मिरचे," खारूताई म्हणाली, "तू दर ऋतूला माईला रोपं द्यायला येतेस, नाही का?"

"येते. त्यात काय?"

"आणि जाताना तुझ्या टेम्पोत काय असतं?"

"रिकाम्या कुंड्या!"

"सगळ्या रिकाम्या?"

मिरचीने मदतीसाठी माईकडे पाहिलं. माईने पोथीचं पान उलटलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बाराच्या जवळ आला होता, पण टेकला नव्हता. माईने ओठांवर बोट ठेवून घड्याळाकडे खूण केली, म्हणजे माझा नेम मोडू नका. तिच्या चेहऱ्यावर एवढी शांती होती की ती निर्दोष असणं शक्यच नव्हतं.

"म्हणजे वहिनी पाठवत होत्या," काका हळूच म्हणाले.

खारूताईला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि उघडे तळवे बघत बसले.

"मला वाटलं, तू पाठवतोयस," ते आप्पांना म्हणाले. "मिरची म्हणायची दुकानातून आणलं. मला काय नाक नाही? पंगतीत तुझ्या हातांना हाच वास असतो, पहिल्याच बाटलीला कळलं की हे भाऊचं तेल. म्हटलं, तोंडाने बोलायची लाज वाटत असेल, तेल पाठवतोय, चालेल. दर वेळी बाटली आली की मी म्हणायचो, आठवण आहे अजून. आजसुद्धा…" ते थांबले. "आजसुद्धा म्हणूनच आलो. खारी म्हणाली तेव्हा मला खोटं वाटलंच नाही. आणि तुला तर पत्ताच नव्हता."

ते उठायला लागले. काठी ठोकळ्यावर होती, ती घ्यायला त्यांनी हात लांबवला.  दादा आणि मिरची दोघंही तिच्यावरचा राग विसरून गेले होते. दादाने टेप खिशात घातली होती. एक खोटं ती बोलली होती, ते कसंबसं निभावलं असतं. पण हे दुसरं खोटं, कुणीच न बोललेलं, सगळ्यांना घेऊन बुडणार होतं.

आप्पांनी दांड्यावर हात ठेवला.

"पत्ता नव्हता कोण म्हणालं?"

काका थांबले.

"माझा तेलाचा डबा वेळेआधी संपायला लागला," आप्पा दांड्याकडे बघतच म्हणाले. "मला माझं काम कळतं. एका दांड्याला किती तेल लागतं ते कळतं. डबा संपतोय, भिंतीवर दांडे तेवढेच. बाकीचं कुठे जातंय ते विचारायला मला कोतवाल नको होता. मी दुप्पट करायला लागलो."

"दुप्पट?"

"दुप्पट. आणि डबा हिच्या हाताला येईल असा खालच्या फळीवर ठेवायला लागलो. वरच्या फळीवर हिचा हात पोचत नाही."

माईची पोथी मिटली.

"विचारलं का नाहीस मग?" काका म्हणाले.

"विचारलं असतं तर बंद झालं असतं."

काका परत बसले. थोडा वेळ त्यांनी मान हलवली आणि मग त्यांना हसू यायला लागलं, आधी खांद्यांना आणि नंतर तोंडाला. "म्हणजे पाठवत होतासच."

"पाठवत नव्हतो. जाऊ देत होतो."

"तेच ते."

घड्याळात बाराचे ठोके पडले. माईने पोथी कपाळाला लावली, कापडात बांधली, खाली ठेवली आणि मग सकाळपासून साठवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"दुप्पट करत होता तर सांगायचं नाही? मी इतकी वर्षं चोरासारखी पदराआड बाटली नेतेय! देवासमोर रोज माफी मागतेय की नवऱ्यापासून लपवते म्हणून! आणि भावजी, तुम्ही! वासावरून ओळखलंत तर एक निरोप नाही धाडायचा? तेल आवडलं, एवढा? आणि वरचं निवळ तेल तुम्हाला देऊन खालचा गाळ यांना ठेवत होते मी, ते वेगळंच!"

"तरीच," आप्पा म्हणाले. "तरीच भिंतीवरचे दांडे चिकट राहतात."

दादा इतका मोठ्याने हसला की एक चिमुकली कुऱ्हाड खिळ्यावर हलली.

मग काम सुरू झालं. आप्पांनी पात्याच्या नेढ्यातला, म्हणजे दांडा बसायच्या भोकातला, गंज खरवडायला घेतला आणि पापुद्रे निघता निघता नेढं रुंद होत गेलं. दांड्याचं टोक मात्र इतकी वर्षं रबराच्या टोपीसाठी तासून आणि रस्त्यावर आपटून गाजरासारखं निमुळतं झालं होतं. काकांनी काठी नेमकी उलटी धरली होती. मूठ वर आणि नेढ्यात बसायचं टोक जमिनीला. पातं दांड्यावर चढवलं तेव्हा ते अंगठीसारखं खाली घसरलं आणि काकांच्या हाताशी येऊन थांबलं.

"झालं," मिरची म्हणाली. "एकाने वापरून झिजवलं, एकाने न वापरून. आता काय?"

"पाचर?" दादाने सुचवलं.

"एवढ्या फटीत पाचर घालायची तर दरवाजा उखडावा लागेल," आप्पा म्हणाले. "टोक कापून नवं लाकूड सांधायला हवं. तिरका सांधा."

"कापणार?" काकांनी दांडा छातीशी धरला. "नानांचा हात लागलाय याला!"

"नानांचा हात मुठीला लागायचा, नेढ्याला नाही. मूठ तशीच राहील."

काकांनी विचार केला. मूठ हाताने चाचपली. "पण नवं लाकूड जुळणारं हवं. ऐरंगैरं नाही चालणार."

आप्पा स्टुलावर चढले, माळ्याच्या फळीवरून एक लांबट पुडकं काढलं आणि त्यावरची धूळ फुंकली. आत एक नवाकोरा दांडा होता. नानांच्या दांड्यासारखाच बाक, तशीच मूठ, रेषा सरळ.

"हा कुणासाठी केला होतास?" काकांनी विचारलं.

"कुणासाठी नाही. असाच."

"नेढ्याचं माप नानांच्या पात्याचं आहे."

"असेल."

"बसवला का नाहीस मग?"

 आप्पांनी करवत घेतली आणि स्वतःच्या हाताने केलेल्या त्या दांड्याचं वरचं टोक तिरकं कापलं. खारूताईला ती करकर दातांतून गेल्यासारखी वाटली. मग काकांनी आपला दांडा पुढे केला आणि म्हणाले, "माझा मी कापणार." आप्पांनी करवत त्यांच्या हातात दिली, दांडा आपल्या मुठीत घट्ट धरला आणि म्हणाले, "घाई करू नकोस. तू नेहमी घाई करतोस."

"तू धरण्याकडे लक्ष दे."

"मी धरलंय."

"हलतोय."

"तू हलवतोयस!"

खारूताई, दादा आणि मिरची दाराशी उभे राहून बघत होते. "कधीपासून बोलत नव्हते हे?" मिरचीने विचारलं. "आता कोण थांबवणार यांना?"

सांधा सरसाने जोडला, दोरीने आवळला, सुकल्यावर पटाशीने आणि कानशीने उतरवला. दुपारभर व्हिनेगरमध्ये बुडवलेलं पातं बाहेर निघालं तेव्हा त्याच्या अंगावरची काळसर झाक आप्पांनी तशीच ठेवली; ती घासायची नसते, ते वस्तूचं वय असतं. मग कुऱ्हाड उलटी टांगती धरून आप्पांनी मुठीच्या टोकावर लाकडी हातोडा मारायला सुरुवात केली आणि प्रत्येक ठोक्याला पातं आपोआप वर चढत गेलं. काकांनी पाचर लावली. आप्पांनी ठोकली. कुऱ्हाड उजेडात धरून दोघांनी एका डोळ्याने बघितलं. फट नव्हती.

"लाकडं फोडायला नाही चालणार," आप्पा म्हणाले.

"मला कोण बोलावतंय लाकडं फोडायला?"

तेलाचा पहिला हात होईपर्यंत संध्याकाळ झाली. तेवढ्यात मिरचीला गुलाबांची आठवण झाली. "बाबा, चला," ती म्हणाली आणि काका उठायला गेले. उठले आणि तसेच बसले. काठी नव्हती. काठीच्या डोक्यावर आता पातं होतं आणि सगळी वस्तू तेलाने ओली होती.

"आता जाऊ कसा मी?"

"कशाला जायचंय?" आप्पा फडकं पिळत म्हणाले. "तेल वाळेपर्यंत थांब. घाई केली की बोटांचे ठसे उमटतात."

माई खालच्या खोलीतला पलंग झटकायला गेली. त्या खोलीला एकही पायरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाई गाडी घेऊन आल्या. भिंती रिकाम्या होत गेल्या. शेवटी त्या पहिल्या खिळ्याशी येऊन थांबल्या. नानांची कुऱ्हाड दोरीने टांगलेली होती, मधाच्या रंगाची, दारातून येणाऱ्या उन्हात.

"ही?"

"वाळायची आहे," आप्पा म्हणाले.

"ओली आहे," काका म्हणाले.

"तेलाला असा किती वेळ लागतो?"

"या लाकडाला लागतो," आप्पा म्हणाले. "वाळली की कळवतो."

तेलाचा दुसरा हात झाला, मग तिसरा. शेडमध्ये दादाचं टेबल आलं. काका खुर्चीत बसून गुण सांगायचे आणि दादाच्या विरुद्ध धडधडीत लबाडी करायचे. मिरची रोज टेम्पो थांबवायची, "निघायचं का?" विचारायची आणि माईच्या हातचा चहा पिऊन एकटीच निघायची. चौथा हात झाला. आप्पांचं म्हणणं होतं, जुन्या लाकडाचं काही सांगता येत नाही.

एका दुपारी खारूताई दवाखान्यातून आली तेव्हा दोघं भाऊ कुऱ्हाडीखाली बसले होते. दादा चेंडू शोधायला कोपऱ्यात वाकला होता. तिथे आप्पांनी आजवर केलेले नवे दांडे उभे होते, गठ्ठाभर. सरळ, मजबूत, कमरेएवढ्या उंचीचे, ज्यांच्या कुऱ्हाडी कधी आल्याच नाहीत असे. दादाने चेंडू उचलला, दांड्यांकडे बघितलं, काकांच्या गुडघ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अहो काका, काठीच हवी ना? मग यातलाच एखादा…"

दारातून आत येणाऱ्या मिरचीचा पाय त्याच्या पायावर पडला. चुकून नाही. दादा 'आई गं' म्हणाला आणि त्याला एकदम सगळं समजलं. तो चेंडूवरची धूळ पुसायला लागला.

"खारे," काका म्हणाले, "तू बघ गं जरा. तुझी बोटं बारीक कामाची. वाळलाय का दांडा?"

आप्पाही तिच्याकडे बघत होते, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन.

खारूताईने अंगठा दांड्यावरून मुठीपासून सांध्यापर्यंत फिरवला. लाकूड कोरडं होतं, उन्हात ठेवलेल्या पाटीसारखं. लवंगेचा वाससुद्धा विरत आला होता.

तिने अंगठा रुमालाला नीट पुसला, तेल लागल्यासारखा.

"ओला आहे," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता.